रस्त्यावरची माणसे

ज्या रस्त्याने आपण रोज जातो, त्या रस्त्यावरची माणसे आपल्याला कितपत ठाऊक असतात? हा प्रश्न मला एका व्हिडिओ गेममुळे पडला, असे सांगितले तर काही पालकांच्या भुवया उंचावतील. तरीही सांगतो.

१९९९ साली जपानमध्ये सेगा कंपनीने ‘शेनमू’ नावाचा खेळ आणला. त्याचे दिग्दर्शक यू सुझुकी. कथा घडते १९८६ सालच्या योकोसुका या बंदराच्या शहरात. ऱ्यो हाझुकी हा तरुण वडिलांच्या मारेकऱ्याचा माग काढत गल्लोगल्ली विचारपूस करीत फिरतो.

हे शहर नुसता रंगवलेला पडदा नाही. दुकाने ठरलेल्या वेळी उघडतात, रात्री बंद होतात. माणसे आपापल्या कामाला जातात आणि घरी परततात. नायकाला कितीही घाई असो, बंद दुकान त्याच्यासाठी उघडत नाही. त्याला ताटकळावे लागते. एका देवळापाशी मोटारीखाली आई गमावलेले मांजराचे पिल्लू आहे. एक लहान मुलगी त्याला जपते. नायकाने त्याला खाऊ घातले नाही, तरी कथेचे काही अडत नाही. पण वाट वाकडी करून तो तिथे जाऊ शकतो.

कोणी म्हणेल, हे सगळे खोटेच ना? खरे आहे. त्या पिल्लाला भूक नाही, त्या दुकानदाराला थकवा नाही. पडद्यावरच्या पिल्लाला रोज खाऊ घालणाऱ्याने शेजारच्या खोलीतल्या आजीला ‘जेवलीस का?’ असे विचारले नाही, तर त्या मायेला काय अर्थ?

पण मला टोचते ते वेगळेच. खेळ रचणाऱ्यांनी साध्या वाटसरूलाही स्वतःचा दिवस दिला. आपण मात्र जित्याजागत्या माणसांचा दिवस विसरतो. आपल्या इमारतीच्या वॉचमनची पाळी कधी संपते? मासळीवाली मावशी पहाटे किती वाजता उठते? आपण पाठ फिरवली, की आपल्यापुरती ती माणसे जणू बंद पडतात. खेळातली माणसे यंत्र बंद केल्यावर खरोखरच थांबतात. ही थांबत नाहीत. त्यांचे दुखणे, मुलांची फी, घरभाडे सारे चालूच असते.

आपल्या कथेत ती वाटेवरची असतील; त्यांच्या कथेत आपण वाटेवरचे आहोत.

या आठवड्यात एकदा तरी, काहीही काम नसताना, अशा एका माणसापाशी थांबूया. त्याचे नाव विचारूया. आणि उत्तर ऐकायला थोडा वेळ हाताशी ठेवूया.