कॅफिनवरचा संशय

‘एवढ्याशा बाळालासुद्धा डॉक्टर कॉफी देतात, मेंदू तल्लख होतो, मग तुम्ही कशाला घाबरता?’ अशा अर्थाचा मजकूर मोबाइलवर फिरतो. सोबत काचेच्या पेटीतलं बाळ आणि वाफाळता कप. त्या बाळाला कोणी कॉफी देत नाही हे उघड आहे. त्याला मिळतं ते कॅफिन सायट्रेट, शिरेतून किंवा पोटात घातलेल्या नळीतून: किलोमागे आधी २० मिलिग्रॅम, मग रोज ५ ते १०, आणि त्यातलंही निम्मंच कॅफिन. पण माझी तक्रार मापाची नाही. ‘डॉक्टर देतात म्हणजे निर्धोकच’ हे जे त्या मजकुरात गृहीत धरलंय, त्याच्या बरोबर उलट वाटेने हे औषध इथवर आलं आहे.

आधीचा भाग झटपट सांगता येतो. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असतं. बाळ श्वास घेता घेता थांबतं. वीस सेकंद जातात, ठोके मंदावतात, ओठ काळेनिळे पडू लागतात, मॉनिटर कोकलतो. नर्स तळपायाला टिचकी मारते, पाठ चोळते, की गाडी पुन्हा सुरू. १९७३ मध्ये इंग्लंडात कुझेमको आणि पाला यांनी यावर दम्याचं अमिनोफिलिन वापरून पाहिलं. १९७७ मध्ये माँट्रियलला अरांडा यांनी कॅफिन. अमिनोफिलिनपेक्षा कॅफिन सोयीचं निघालं, कारण प्रौढाच्या अंगातून पाच-सहा तासांत निम्मं होणारं कॅफिन या बाळांत निम्मं व्हायला तीन-चार दिवस घेतं. दिवसातून एकदा दिलं की भागतं.

इथून पुढे सगळे एकच कथा सांगतात: १९७७ मध्ये औषध सापडलं, २००६ मध्ये ते सिद्ध झालं. मला ही कथा मान्य नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या बार्बरा श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी चाचणी केली, ती या औषधाची बाजू मांडायला नव्हती. त्यांना भीती होती. कॅफिन ॲडेनोसिनची वाट अडवतं. आणि ऑक्सिजन कमी पडला की मेंदूच्या पेशींना सावरतं ते हेच ॲडेनोसिन. म्हणजे ज्या बाळाचा ऑक्सिजन दिवसातून दहादा खाली जातो, त्याचीच ढाल आपण काढून घेतो आहोत की काय?

ही भीती हवेतली नव्हती. १९४० आणि ५०च्या दशकांत मुक्तहस्ते दिलेल्या ऑक्सिजनने हजारो बाळांचे डोळे गेले. १९९०च्या दशकात फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनचा सढळ वापर झाला. बाळं व्हेंटिलेटरवरून लवकर सुटली आणि पुढे त्यांच्यात सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण वाढलेलं दिसलं. देणारे निष्काळजी नव्हते. बाळ डोळ्यांदेखत सुधारत होतं, तोच तर घोटाळा होता.

म्हणून १९९९ ते २००४ या काळात ५०० ते १२५० ग्रॅम वजनाच्या २००६ बाळांपैकी निम्म्यांना कॅफिन आणि निम्म्यांना मिठाचं पाणी दिलं गेलं. हाताशी औषध असताना मिठाचं पाणी कसं देता, हा आक्षेप मला कायम अर्धा वाटत आला आहे. उरलेल्या निम्म्यांना मेंदूवरचा परिणाम न तपासलेलं औषध कसं देता, हे विचारायला मात्र कोणी उठत नाही. आणि गंमत अशी, की श्वास किती वेळा थांबला हे या चाचणीने मोजलंच नाही. तिचा मुख्य प्रश्न होता: दीड-पावणेदोन वर्षांचं होईतो मूल जगलं का, आणि धड आहे का?

उत्तर भीतीच्या उलट आलं. मृत्यू किंवा अपंगत्व ४६.२ टक्क्यांवरून ४०.२वर; सेरेब्रल पाल्सी ७.३वरून ४.४वर. फुप्फुसाचा दीर्घ आजार ४७ टक्क्यांवरून ३६वर आला, तो तर अवांतर लाभ. कॅफिनवाल्या बाळांची श्वासाच्या यंत्रांची गरज साधारण आठवडाभर आधी संपली होती.

एवढ्यावर थांबले असते तर मोबाइलवरचा मजकूर निदान अर्धा खरा ठरला असता. पण त्यांनी मुलांचा माग सोडला नाही. पाचव्या वर्षी, अपंगत्वाशिवाय जगण्याच्या हिशेबात दोन गटांत ठोस फरक उरला नव्हता. अकराव्या वर्षी हालचालींतले दोष कॅफिनवाल्यांत कमी होते, १९.७ टक्के विरुद्ध २७.५, शाळेचा अभ्यास आणि वागणूक मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच. तल्लख मेंदूचा दावा इथेच संपतो.

आता ‘चांगलंच आहे, तर जास्त द्या, आधी द्या’ हा सूर वैद्यकातही ऐकू येतो. त्यावर एक छोटा प्रयोग झालेला आहे, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. पहिल्या दीड दिवसात किलोमागे ८० मिलिग्रॅम मिळालेल्या बाळांत लहान मेंदूतला रक्तस्राव ३६ टक्के दिसला, नेहमीच्या मात्रेवरच्या बाळांत १० टक्के. बाळं दोन्ही गटांत मिळून चौऱ्याहत्तरच, त्यामुळे यावरून अखेरचा निकाल देता येत नाही. पण मात्रा चौपट करण्याआधी पुन्हा हजारो बाळांची चाचणी लागेल, आणि आधीच्या चाचणीच्या यशाचा दाखला तिथे चालणार नाही.