पिण्याचा हंडा

ज्या गावात १८७० साली कापसापायी आगगाडी आली, त्या खामगावच्या एका अडत्याने पोरांच्या परीक्षा आटोपल्यावर दुबईची सहल काढली. नवरा-बायको, आजी, दहावीची थोरली आणि आठवीतला धाकटा. शेगावला महाराजांचं दर्शन घेऊन विदर्भ एक्स्प्रेस धरली. गाडीने मलकापूर सोडलं नाही तोच बाबांचं फर्मान निघालं, "तिकडे कोणी मोबाइलला हात लावायचा नाही. रोमिंगचा पॅक फक्त माझ्या फोनवर आहे. अगदीच लागलं तर विचारा, हॉटस्पॉट देईन."

पाच दिवसांना पाच जीबी. घरी प्रत्येकाला रोजचे दोन जीबी, तेही रात्री बाराला आपोआप भरणारे. मोजायची सवय लागणार कुठून?

पहिल्याच संध्याकाळी, बुर्ज खलिफाच्या पायथ्याशी, कंपनीचा मेसेज आला : अर्धा डेटा संपला. बाबांचा पारा चढला. धाकटा रडवेला झाला. "मी एकच रील टाकली, तुम्हाला विचारूनच!" त्यातच घरी राहिलेल्या आजोबांना व्हॉट्सॲप कॉल लागेना, तोही राग पोरांवरच निघाला. थोरलीने हळूच सांगितलं की दुबईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत; सरकारचीच बंदी आहे. ऐकायच्या मनःस्थितीत बाबा नव्हते.

आजी कट्ट्यावर बसून पाहत होती. म्हणाली, "कायले वरडतं बापा? गावात टँकर ये तवा मी काय करो? पह्यले पिन्याचा हंडा बाजूले काढो. त्याले कोनाचाच हात नाही. अन् उरलेल्याचा हिसाब कोनापाशी होता? तुह्यापाशी. काहून? घरात सगळ्यात जास्त तूच सांडत होता."

बाबा काही बोलले नाहीत. आजीने त्यांच्या हातातला फोन घेतला आणि थोरलीकडे दिला.

थोरलीने सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपने किती डेटा खाल्ला ते काढलं. सगळ्यात वर बाबांचंच व्हॉट्सॲप. रोमिंगमध्ये काहीही आपोआप उतरवायचं नाही, हा पर्याय त्यांनीच कधीतरी बदलून ठेवला होता. अडत्यांचे चार ग्रुप, कपाशीच्या भावाचे व्हिडिओ, सकाळच्या शुभेच्छांची गुलाबाची फुलं, सगळं दिवसभर उतरत होतं. तिने तोंडाने काही म्हटलं नाही, स्क्रीन फक्त त्यांच्याकडे वळवली. दहावीच्या पोरीला एवढी समज असते. आपल्याला ती दिसत नाही, एवढंच.

मग घडी बसली. एक जीबी नकाशा, टॅक्सी आणि अडीअडचणीसाठी बाजूला. हॉटेलच्या वायफायवर दुबईचा नकाशा आधीच उतरवून घेतला. रील्सही तिथेच, बँकेचे व्यवहार मात्र त्या वायफायवर नाहीत. धाकट्याला बाहेर रोज पंधरा मिनिटं हॉटस्पॉट. हिशेब थोरलीकडे. रात्री ती उरलेला आकडा हॉटेलच्या चिठ्ठीवर लिहून आरशाला खोचायची, आणि झोपण्याआधी तो पाहायला सगळ्यात आधी उठायचा धाकटा.

देअराच्या सोनेबाजारात आई-आजी बांगड्यांचा भाव करत होत्या. बाबांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी थोरलीजवळ येऊन म्हणाले, "आज खामगावात कापूस काय निघाला, जरा पाहू का गं?"

"हॉटेलवर गेल्यावर, बाबा."

"पाहू दे ना ताई," धाकटा मध्ये पडला, "माझ्यातली पाच मिनिटं दे त्यांना."

थोरलीने फोन पुढे केला. "फक्त भाव. व्हिडिओ नाही हं."