पुढच्या मोसमाचा प्रागभाव

एप्रिलच्या सुरुवातीला एका सोमवारी रात्री कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना होतो आणि मंगळवारी सकाळी आमच्या नॉर्थ कॅरोलायनात पुढच्या मोसमाची चर्चा सुरू झालेली असते. हिवाळाभर ज्यांनी खेळून दाखवलं त्यांच्याबद्दल आता कुणाला फार बोलायचं नसतं. विषय असतो बेंचवर बसून राहिलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांचा. "त्याच्यात आहे हो, फक्त बाहेर यायचंय." हे मी ऑफिसात ऐकलंय, कॅरीच्या व्यंकटेश्वराच्या देवळाबाहेर चपला शोधताना ऐकलंय, आणि घरी तर नवऱ्याच्या तोंडून उन्हाळाभर ऐकते.

माझी अडचण अशी, की कुणी "आहे" म्हटलं की कुठे आहे, कशात आहे, कशावरून आहे, असे प्रश्न मला लगेच पडतात. पुण्यात एम.ए.ला न्यायशास्त्र, म्हणजे जुनं भारतीय तर्कशास्त्र, घेतलं होतं, त्याची ही खोड. पोटासाठी मी औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासते. शनिवारी सकाळी मात्र चार-पाच मोठी माणसं आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह उघडून बसतात. २०१७च्या उन्हाळ्यात त्या टेबलावर अन्नंभट्टाच्या खालोखाल एकाच माणसाचं नाव निघायचं: ल्यूक मे.

हा मुलगा शार्लटच्या उत्तरेकडच्या हंटर्सव्हिलचा. वडील चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या फुटबॉल संघात क्वार्टरबॅक होते. चॅपेल हिलला आल्यावर पहिल्या वर्षी त्याची सरासरी सामन्यामागे १.२ गुण, दुसऱ्या वर्षी ५.५. त्या दुसऱ्या वर्षी बास्केटखालच्या जागांसाठी केनेडी मीक्स, आयझाया हिक्स आणि टोनी ब्रॅडली असे तिघे दांडगे त्याच्या वाटेत होते. तरी २६ मार्च २०१७ला मेम्फिसमध्ये केंटकीविरुद्ध शेवटचे काही सेकंद उरले असताना तो मैदानावर होता. केंटकीच्या मलिक मंकनं तीन गुणांचा शॉट मारून नुकतीच ७३-७३ अशी बरोबरी केलेली. थिओ पिन्सन चेंडू घेऊन सरळ पुढे सुटला, बचाव करणारे त्याच्यावर गोळा झाले, त्यानं मागून येणाऱ्या मेकडे पास दिला आणि मेनं तीन गुणांच्या रेषेवरून चेंडू सोडला. पाय रेषेवर, म्हणून गुण दोन. ७५-७३. घड्याळात ०.३ सेकंद. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या तासाला तो वर्गात हजर, आणि वर्गानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात, ३ एप्रिलला, संघानं गोन्झागाला ७१-६५ हरवून विजेतेपदही घेतलं.

त्यानंतर मीक्स आणि हिक्स शिक्षण संपवून बाहेर पडले, ब्रॅडली एकाच वर्षात एनबीएकडे गेला, संघातला जस्टिन जॅक्सनही गेला. आणि उन्हाळाभर गावात एकच भाकीत: पुढच्या वर्षी ल्यूक मे. पुरावा काय, तर मेम्फिसचा तो शॉट. "होतंच त्याच्यात, दिसलं ना?"

विश्वनाथाच्या मुक्तावली या न्यायग्रंथात अगदी सुरुवातीला एक वाद येतो, तो मला दर एप्रिलमध्ये आठवतो. हात विस्तवाला लागला की भाजतो. पण एक विशिष्ट मणी जवळ असेल तर विस्तव तोच, हात तोच, स्पर्शही तोच, आणि भाजत मात्र नाही. (असा मणी कुणी पाहिलाय का, हे विचारायचं नाही, शास्त्रात उदाहरण मान्य करून पुढे जायचं असतं.) मीमांसा दर्शन मानणारा मीमांसक म्हणतो, बघा, विस्तवात डोळ्यांना न दिसणारी दाहशक्ती असते, मणी ती नष्ट करतो, मणी हलवला की ती पुन्हा उपजते. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्रवाला, म्हणतो, एवढा खटाटोप कशाला? एक अदृश्य शक्ती माना, तिचा नाश माना, पुन्हा उत्पत्ती माना, आणि हे प्रत्येक विस्तवासाठी वेगळं. त्यापेक्षा सरळ म्हणा, की विस्तव, हात, स्पर्श ही जशी भाजण्याची कारणं, तसा मणी नसणं हेही एक कारण. प्रतिबंधकाभाव. कारणांचा सगळा मेळ जमला की कार्य होतं, एक जरी कमी पडलं तर होत नाही. आत काही दडून बसलेलं नसतं.

याच्या पुढे मण्याला निष्प्रभ करणारा दुसरा पदार्थ येतो, उत्तेजक, आणि तिथे माझा वर्ग हटकून चहा मागतो.

आमचं अख्खं राज्य मीमांसक आहे. मेच्या आत शक्ती होती, मीक्स-हिक्स-ब्रॅडली नावाच्या तीन मण्यांनी ती दाबून ठेवली होती, आता मणी गेले. मी नैयायिकाच्या बाजूनं हिशेब मांडते. सामना चाळीस मिनिटांचा, मैदानावर पाच जण, म्हणजे संघाकडे वाटायला एकूण दोनशे मिनिटं. ती कुणाच्याही गुणवत्तेनं दोनशे एक होत नाहीत. पुढच्या मोसमातली त्याची भूमिका त्याच्या छातीत तयार होऊन पडलेली नव्हती. तिचा चांगला मोठा हिस्सा चौघांच्या जाण्यानं झाला होता. सामना बघताना बदली खेळाडूकडे नीट लक्ष द्या. कोच नाव घेतो, पोरगा वॉर्मअपचा शर्ट डोक्यावरून ओढून काढतो, धावत स्कोअररच्या टेबलापाशी जातो आणि तिथे एका गुडघ्यावर टेकतो. खेळ थांबून भोंगा वाजल्याशिवाय त्याला रेषेच्या आत पाऊल टाकता येत नाही. कधी खेळ लगेच थांबतो, कधी थांबतच नाही. तो बुटांचे तळवे पुसतो, घड्याळाकडे बघतो, पुन्हा पुसतो. हातपाय तेच, सराव तोच, कोचची इच्छाही झालेली. कमी आहे तो एक भोंगा. त्या गुडघ्यावरच्या मुलात मीमांसकाला शक्ती दिसते. मला भोंग्याची वाट दिसते.

हा वाद मला नुसता डोक्याचा व्यायाम वाटत नाही, कारण "त्याच्यात आहे" या बोलण्याला एक दुसरी, ओंगळ बाजू आहे. असेल आणि बाहेर आलं नाही, तर दोष कुणाचा? त्याचाच. म्हणजे वीस वर्षांच्या पोरानं न घेतलेलं कर्ज आपण त्याच्या नावावर टाकतो आणि प्रत्येक चुकलेल्या शॉटला व्याज लावतो. आपल्या मराठी घरांना हे शिकवायला नको. "डोकं आहे हो, पण मेहनत घेत नाही" हे वाक्य ऐकत वाढलेली निम्मी माणसं आज माझ्या आसपास चांगल्या नोकऱ्या करतात आणि तरी आईवडिलांसमोर काहीतरी लपवून ठेवल्यासारखी अवघडून बसतात. गीतेतला फळाच्या अधिकाराचा श्लोक अशा वेळी सगळे तोंडावर फेकतात, पण तो खेळणाऱ्याला सांगितलाय. बघणाऱ्यांनी त्याच्याकडून फळ वसूल करायचं की नाही, हा प्रश्न उरतोच.

नैयायिक इथे जास्त दयाळू ठरतो. पुढच्या मोसमातला ल्यूक मे आज नाही, असं तो सरळ सांगतो. झाकलेला नाही, अर्धवट नाही. नाही. त्याचा प्रागभाव आहे, होण्याआधीचं नसणं. या अभावाला सुरुवात नसते. घडा होईपर्यंत घड्याचा प्रागभाव अनादी काळापासून असतो आणि घडा झाला की संपतो. आणि मला सर्वांत आवडतं ते पुढचं: प्रत्येक कार्याच्या साधारण कारणांची यादी करताना न्यायशास्त्र ईश्वर, काल, दिशा यांच्या पंक्तीत या प्रागभावालाही बसवतं. आधी नसणं हे होण्याचं एक कारण आहे. पहिल्या वर्षाचे १.२ गुण म्हणजे थकबाकी नव्हे.

मग सरावाला काय अर्थ? कोच रॉय विल्यम्सनं हाच मुलगा का उभा केला, माझ्या नवऱ्याला का नाही? हा आक्षेप आमच्या वर्गातल्या नागपूरकर इंजिनिअरनं घेतला, आणि तो घ्यायलाच हवा. बौद्धांचं उत्तर टोकाचं आहे. कणगीतलं बी आणि शेतातलं अंकुरणारं बी ही त्यांच्या मते एकच वस्तू नाही. जे करतं ते करण्याच्या क्षणीच तसं असतं. म्हणजे मेम्फिसमध्ये चेंडू सोडणारा मे हा त्या क्षणापुरता. ग्रीसमध्ये मेगारा गावच्या तत्त्वज्ञांचं म्हणणं याच्या जवळ जाणारं होतं: करत असतानाच सामर्थ्य, एरवी नाही. अ‍ॅरिस्टॉटलनं त्यांची चेष्टा करताना म्हटलं, की असं असेल तर बसलेला माणूस कधी उठणारच नाही. अ‍ॅरिस्टॉटलनं बास्केटबॉलचा बेंच पाहिला नव्हता. तिथे बसलेले बरेच जण खरोखरच उठत नाहीत.

नैयायिक मधली वाट काढतो आणि ती मला पटते. रानात पडलेला दांडा आणि कुंभाराच्या चाकाला गती देणारा दांडा. दोन्ही घड्याचं कारण म्हणवून घ्यायला लायक. पहिल्यात नुसती स्वरूपयोग्यता, दुसरा प्रत्यक्ष फळ देतो. योग्यता म्हणजे आत साठवलेला घडा नव्हे. ती दांड्याची जात आहे, आणि गवताच्या काडीत ती नाही. सराव, वजन उचलणं, पहाटे जिममध्ये मारलेले शेकडो शॉट, यांनी काडीचा दांडा होतो. कोचचं डोळ्यात तेल घालून बघणं एवढंच, की हा दांडा आहे ना. चाक, माती आणि रिकामी जागा त्याच्या हातात नसते, म्हणजे पूर्ण नसते.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २०१७-१८मध्ये मेची सरासरी १६.९ गुण आणि १०.१ रिबाउंड. त्याच्या कॉन्फरन्सनं त्याला सर्वाधिक सुधारणा झालेला खेळाडू ठरवलं. नवरा म्हणाला, बघ. मी म्हटलं, जागा बघ. शेवटच्या वर्षी गुण १४.९वर आले, आणि २०१९च्या एनबीए ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणी घेतलं नाही. मीमांसकांची इथे पंचाईत होते: शक्ती होती तर गेली कुठे? मला पंचाईत नाही. ती वेगळी मैदानं, वेगळे वेग, वेगळे मणी. तो मुलगा काही बुडवून पळालेला नाही.

बाजार मात्र कट्टर मीमांसक आहे. २०२१च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात, २०२५पासून विद्यापीठंही थेट देतात, आणि विद्यापीठ बदलण्याच्या ट्रान्सफर पोर्टलमुळे एका वसंत ऋतूत पोरगं तीन राज्यांशी बोलणी करतं. पुढच्या वर्षी किती मिनिटं देणार, कुठल्या जागेवर खेळवणार, हे आधी ठरतं. न झालेल्या गोष्टीची किंमत रोखीत. नवऱ्याला यात निष्ठेचा ऱ्हास दिसतो. चार वर्षं थांबणाऱ्यांचा जमाना गेला म्हणून तो हळहळतो. मला तसं वाटत नाही. मणी हलत नसेल तर विस्तवानं दुसऱ्या चुलीत जावं, यात तर्काला खटकण्यासारखं काही नाही, आणि रानात पडून राहायला दांडा बांधील नाही. मला खटकते ती किंमत. शक्तीचे पैसे मोजलेल्याला शक्ती दिसावीच लागते, आणि नाही दिसली की स्टेडियममधले एकवीस हजार लोक सावकार होतात.

इंजिनिअर अजून सोडत नाही. गेल्या महिन्यात त्यानं मला बरोबर पकडलं. "ताई, तुमच्या साधारण कारणांच्या यादीत अदृष्टही आहे ना? पूर्वकर्मानं साठलेलं, न दिसणारं, वेळ आली की फळ देणारं. मग मीमांसकाची शक्ती पुढच्या दारानं हाकलली आणि मागच्या दारानं घेतलीत." त्याचं म्हणणं खोडायला सोपं नाही. मी एवढंच म्हटलं, की अदृष्ट आत्म्याचा गुण आहे, हाताचा किंवा चेंडूचा नव्हे. ते प्रत्येक कार्याला लागतं, बेंचवर बसण्याच्या कार्यालाही. त्यामुळे त्याच्या जोरावर कुणी पुढच्या मोसमाचं भाकीत करू शकत नाही आणि कुणाकडे वसुली मागू शकत नाही. उत्तर त्याला लंगडं वाटलं. मलाही थोडं वाटतं. पण लंगड्या उत्तराच्या बाजूला राहून मी निदान गुडघ्यावर टेकलेल्या पोराला शिव्या देत नाही.

रानातल्या दांड्यांचं काय, यावर न्यायशास्त्र काही बोलत नाही. कार्य झालं नाही, विषय संपला. चॅपेल हिलला मात्र रॉय विल्यम्सच्या काही वर्षं आधी डीन स्मिथ कोच होता. कॅन्सस विद्यापीठातून गणित घेऊन शिकलेला, चर्चला नेमानं जाणारा माणूस. घरच्या मैदानावरच्या मोसमातल्या शेवटच्या सामन्यात शेवटच्या वर्षाच्या मुलांनीच सुरुवात करायची, मग ती वर्षभर बेंचवर का बसलेली असेनात, ही चाल त्यानं पाडली. एका वर्षी अशी मुलं सहा निघाली. मैदानावर पाचच उभे राहू शकतात हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं सहाही उभे केले, पंचांनी नियमाप्रमाणे टेक्निकल फाउल दिला, आणि तो त्यानं घेतला.