दुसऱ्याच्या नावे

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की गाणगापूरची माधुकरी आठवते. दुपारी महाराज भिक्षेला येतात, कोणत्या रूपात येतील ते सांगता येत नाही, अशी आपली श्रद्धा. म्हणून तिथे दारी आलेल्याला कोणी रिकाम्या हाती पाठवत नाही. मी मात्र एकीला तसं पाठवलंय. घरून नव्हे, बँकेच्या काउंटरवरून.

तेव्हा शनिवारी बँक अर्धा दिवस असे. वेळ संपली, मी रोकड मोजायला घेतली आणि एक आजी खिडकीशी आल्या. अंगठा उठवणाऱ्या. म्हणजे स्लिप भरून द्या, ओळख पटवा, साहेबांची सही घ्या. दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, "आजी, कॅश बंद झाली. सोमवारी या." त्या काही बोलल्या नाहीत. पासबुक पिशवीत घातलं नि गेल्या.

सोमवारी आल्या तेव्हा सहज विचारलं, "परवा एवढी काय घाई होती?"

"नातू तापानं फणफणला होता. शेजारणीनं दोनशे दिले, म्हणून औषध आलं. तिचेच द्यायचेत आता."

सुरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. नियमानं मी चुकलो नव्हतो. पण साहेब अजून जागेवर होते, आणि मी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं.

कॉमर्सला पहिल्याच वर्षी शिकवतात, एक बाजू जमा झाली की दुसरी नावे पडतेच. त्याचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला. मी वाचवलेली दहा मिनिटं आजींच्या नावे पडली, दोन दिवसांची काळजी होऊन. आणि त्या शेजारणीनं ती आपल्या अंगावर घेतली.

कट्ट्यावर आम्ही म्हातारे म्हणतो, "आपल्यासारख्यानं जग काय सुधारणार?" अहो, जग आपल्यापुढं सगळं एकदम येतच नाही. एकेक माणूस होऊन येतं. ओला-सुका कचरा आपण वेगळा केला नाही, तर सफाई कामगाराला तो हातानं निवडावा लागतो. रस्त्यात स्कूटर आडवी लावली, तर काठी टेकत येणाऱ्याला वळसा पडतो. आपला त्रास वाचतो, पण नाहीसा होत नाही.

मग सगळ्यांचा भार आपणच वाहायचा का? तेवढी ताकद कुणात आहे! भागवतातल्या अवधूतानं 24 गुरू केले, त्यांत पृथ्वी पहिली, कारण ती सगळ्यांचं सोसते. आपण पृथ्वी नव्हे. आपल्यापुरता हिशेब एवढाच, की ज्याला कमी जड जाईल त्यानं उचलावं. माझी दहा मिनिटं, आजींचे दोन दिवस. यात अवघड काय होतं?

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कॅश बंद करण्याआधी मी खिडकीतून हाक देत असे, "बाहेरगावचं कोणी राहिलंय का?" रोज जमलं असं नाही. जमलं तेव्हा घरी जायला थोडा उशीर झाला, इतकंच.

यंदा उत्सवात महाप्रसादाला बसाल, तेव्हा पानात हवं तेवढंच घ्या आणि उठताना एक नजर मागं टाका. आपलं उष्टं कोणाच्या नावे पडतंय, तेवढं पाहा.

श्री गुरुदेव दत्त!