वाट पाहणे म्हणजे वाट झाडणे





आपल्यापैकी प्रत्येक जण आज कशाची ना कशाची वाट पाहत असतो. कुणी परीक्षेच्या निकालाची, कुणी नोकरीच्या पत्राची, कुणी दवाखान्यातून येणाऱ्या रिपोर्टची, कुणी परगावी गेलेल्या मुलाच्या फोनची. आपण साधना करतो, सत्संगाला जातो, यथाशक्ती सेवा करतो. पण वाट पाहण्याच्या काळात आपले मन नेमके कुठे असते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आज मी आपल्यापुढे एका जुन्या सायकलीची गोष्ट ठेवणार आहे. गोष्ट माझ्या घरातली आहे आणि तिच्यातली चूकही माझीच आहे.

विकलेली सायकल

आम्ही बडोद्याचे. माझे आजोबा रेल्वेत कारकून होते. १९६४ साली बदली होऊन निघालेल्या एका साहेबांकडून त्यांनी एक हिरवी रॅले सायकल विकत घेतली. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात रॅले स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या एका लहानशा कारखान्यातून ही कंपनी वाढली आणि रस्त्याचेच नाव सायकलीला मिळाले. पुढे आपल्याकडे बंगालमध्ये आसनसोललाही रॅले तयार होऊ लागल्या. पण आजोबांची सायकल खास विलायतेची होती आणि तिच्या मागच्या चाकाच्या हबमध्ये तीन गिअर होते. त्या काळी आमच्या पोळात तिचे फार कौतुक होते म्हणे.

आजोबांनी ती सोळा वर्षे चालवली. १९८० साली माझे काका इंजिनिअरिंगला लागले आणि फीचे पैसे कमी पडले. आजोबांनी सायकल विकली आणि दुसऱ्या दिवसापासून ते पायी कचेरीत जाऊ लागले. या गोष्टीची त्यांनी घरात कधी वाच्यता केली नाही. काका मात्र ती विसरले नाहीत.

काका पुढे इंग्लंडला गेले आणि लेस्टरला स्थायिक झाले. निवृत्त झाल्यावर कायमचे घरी परतायचे ठरले, तेव्हा त्यांनी तशीच एक हिरवी रॅले शोधून काढली. तिच्या हबवर ५९ हा आकडा आहे. या जुन्या हबच्या कवचावर ते कोणत्या साली तयार झाले ते ठोकलेले असते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. घसाऱ्याच्या हिशेबाने या सायकलीची किंमत केव्हाच शून्य झाली आहे. पण काकांच्या मनातले देणे चव्वेचाळीस वर्षांत एका पैशानेही कमी झाले नव्हते.

घरच्या इतर सामानाबरोबर सायकल डिसेंबर २०२३ मध्ये जहाजमार्गे निघाली. काका जानेवारीत आले. सामान मार्चच्या सुरुवातीला पोहोचेल असे सांगितले होते.

जहाजावर खिळलेले डोळे

नेमका त्याच सुमारास लाल समुद्रातला मार्ग धोक्याचा झाला. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूती गटाचे व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले होते. डिसेंबरच्या मध्यापासून मोठमोठ्या कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला आणि आपली जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आणायला सुरुवात केली. १८६९ साली सुएझ कालवा खुला होण्यापूर्वी विलायतेहून मुंबईला येणारी जहाजे ज्या वाटेने यायची, तीच वाट. साधारण दहा-पंधरा दिवसांचा प्रवास वाढला. त्यात आमचे सामान अनेक कुटुंबांच्या सामानाबरोबर एकाच कंटेनरमध्ये होते. मधल्या बंदरात कंटेनर दुसऱ्या जहाजाची वाट पाहत पडून राहिला. न्हावाशेव्याला पोहोचल्यावरही कागदपत्रे पुरी व्हायला वेळ लागला. मार्च गेला, एप्रिलही गेला.

आजोबा तेव्हा शहाऐंशी वर्षांचे होते. हृदय अशक्त झाले होते आणि डॉक्टरांनी जपायला सांगितले होते. माझ्या मनाने एकच ध्यास घेतला: सायकल वेळेत आली पाहिजे. मोबाइलवर जहाजाचा ठिपका दिसतो. सकाळी उठल्यावर मी आधी तो पाहायची, मग देवाला हात जोडायची. जपाच्या वेळी माळ हातात आणि लक्ष ठिपक्यावर. सामान सोडवून देणाऱ्या माणसाला मी दिवसाआड फोन करायची. एकदा तर मी त्यांना नको इतके बोलले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्या घरी एका सायकलीची वाट पाहतायत. मला दिवसभर असे सगळेच फोन घ्यायचे असतात." मी फोन ठेवला, पण तेव्हाही माझे डोळे उघडले नाहीत.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी या सेवेत हिंदी प्रवचनांचा मराठी अनुवाद करते, आणि आजोबा माझे पहिले श्रोते. रोज संध्याकाळी त्यांच्या खाटेशी बसून मी एक पान वाचायची आणि ते चुका काढायचे. "हे हिंदी झालं, बाळ. आपण असं म्हणतो का?" बडोद्यात वाढलेल्या माझ्या मराठीला त्यांनीच वळण लावले. ते वाचन त्या महिन्यांत कधी थांबले ते माझ्या लक्षातही आले नाही. मी त्यांच्या शेजारीच बसायची, पण मोबाइल घेऊन.

दोन गिअरच्या मधली जागा

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी आजोबांनी विचारले, "जहाज आज कुठे आहे, बाळ?"

मी कौतुकाने सगळे सांगितले. अक्षांश-रेखांशच सांगायचे राहिले होते.

ते म्हणाले, "छान. आणि मी आज सकाळपासून काय केलं, ते ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हते.

ते मला परसात घेऊन गेले. जिन्याखालची अडगळ काढून त्यांनी कोपरा स्वच्छ केला होता. भिंतीशी एक फळी टाकली होती. तिच्यावर जुना पंप, तेलाची छोटी डबी, दोन पाने आणि घडी केलेली धडकी ठेवली होती. रोज थोडे थोडे, दम लागला की बसून, त्यांनी हे काम पंधरा दिवसांत केले होते. मी त्याच घरात होते.

मग त्यांनी मला त्या हबची एक खोड सांगितली. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा असते. गिअरची तार ढिली पडली की यंत्रणा तिथे अडकते. "पाय फिरतात, घाम येतो, पण चाकाला जोर पोहोचत नाही. गेले दोन महिने तुझं तसं झालंय. तू फार पायडल मारतेस, बाळ. पण जहाज त्यानं एक हातसुद्धा पुढे सरकत नाही."

मी विचारले, "मग काय करायचं?"

"तार थोडी आवळायची. फार आवळली तरी बिघडतं."

साधकहो, या एका वाक्यावर मी आजही चिंतन करते. चिंता म्हणजे तीच रिकामी जागा. चिंता करणाऱ्याला आपण काहीतरी करत आहोत असे वाटते, कारण श्रम होतात, थकवा येतो. पण ते श्रम कुठेच पोहोचत नाहीत. त्याउलट, सगळे देवावर सोडले असे म्हणून हातावर हात ठेवून बसणे हीसुद्धा ढिली तारच. आणि फळ मला हवे तेव्हाच मिळाले पाहिजे असा हट्ट म्हणजे फार आवळलेली तार. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला कर्मावरचा अधिकार आणि फळाची आसक्ती यांतला फरक समजावतात. तो मी परीक्षेसारखा पाठ केला होता. आजोबांनी तो मला फळीवरची तेलाची डबी दाखवून शिकवला.

शबरी आणि पुंडलिक

त्या दिवशी अनुवादात माझ्यापुढे 'प्रतीक्षा' हा शब्द होता. आजोबा म्हणाले, "सरळ 'वाट पाहणे' लिही." मग मला जाणवले की आपल्या भाषेने केवढी खूण जपून ठेवली आहे! आपण येणाऱ्याची वाट पाहतो. म्हणजे नजर वाटेवर असते, आणि वाट आपल्या दारापासून सुरू होते. ती झाडता येते.

शबरीने तेच केले. श्रीराम कधी येतील हे तिला कुणी सांगितले नव्हते. मतंग ऋषींनी एवढेच सांगितले होते की ते येतील. ती रोज आश्रमाची वाट झाडत राहिली, फळे गोळा करत राहिली. तिचा प्रत्येक दिवस स्वागताचाच होता. म्हणून इतकी वर्षे थांबूनही तिच्या मनात कडवटपणा आला नाही.

आणि पुंडलिकाची कथा तर माझ्या चुकीवरच बोट ठेवते. पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता. साक्षात पांडुरंग दारी आले, तरी त्याने सेवा अर्धी सोडली नाही. वीट पुढे केली आणि देवालाच थांबायला सांगितले. देव थांबले, आजही पंढरपुरी विटेवर उभे आहेत. पुंडलिकाने माणसांच्या सेवेसाठी देवाला थांबवले, आणि मी एका सायकलीसाठी ज्यांच्याकरता ती येत होती त्यांनाच ताटकळत ठेवले.

आपल्यापेक्षा मोठी प्रतीक्षा

त्या रात्री मी जहाजाचा ठिपका पाहिला नाही. लाल समुद्रातल्या बातम्या मात्र पहिल्यांदा नीट वाचल्या. तोवर त्या माझ्यासाठी केवळ उशिराचे कारण होत्या. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी गॅलक्सी लीडर नावाचे जहाज तिथे पकडले गेले होते. ते आमच्या गुजरातच्याच पिपावाव बंदराकडे निघाले होते. त्यावरचे पंचवीस खलाशी निरनिराळ्या देशांचे. त्यांच्या घरी कुणी आई, कुणी पत्नी, कुणी लहान मूल वाट पाहत होते. त्यांची सुटका जानेवारी २०२५ मध्ये झाली, म्हणजे चौदा महिन्यांनी. माझे दोन महिने मला फार मोठे वाटत होते.

हे मी कुणाचे दुःख लहान ठरवण्यासाठी सांगत नाही. आपल्याला होणारा उशीर हा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी संकटाचा शेवटचा, अगदी हलका तरंग असतो. तो आपल्यापर्यंत आला की त्रागा करण्याऐवजी पलीकडच्या माणसासाठी क्षणभर प्रार्थना करता येते. मग उशीरही साधनेच्या कामी येतो. दुसऱ्या दिवशी मी त्या फोनवरच्या गृहस्थांची क्षमा मागितली. ते हसले आणि म्हणाले, "ताई, असा फोन पहिल्यांदाच आला." संध्याकाळी आमचे वाचन पुन्हा सुरू झाले.

आणि सायकल आली

मे महिन्याच्या अखेरीस सायकल आली. मागच्या मडगार्डला पोचा पडला होता आणि घंटी वाटेत कुठेतरी निखळून गेली होती. काका आणि आजोबा तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. दोघेही काही बोलले नाहीत. मग आजोबा खाली बसले, हबवरचे छोटे झाकण उघडून त्यांनी तेलाचे चार थेंब सोडले आणि तार बेताची आवळली. चालवण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. त्यांनी एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने काकांचा खांदा धरला आणि फाटकापर्यंत सायकल चालत नेली. तिथे ती माझ्या हाती देऊन म्हणाले, "जा, दूध घेऊन ये."

मी चौकापर्यंत गेले. तिन्ही गिअर लागत होते.

सायकल वेळेत आली म्हणून ही गोष्ट मी सांगितलेली नाही. ती आजोबांनंतर आली असती तर? मग माझ्याजवळ काय उरले असते? मोबाइलवरचा ठिपका, की त्या महिनाभराच्या संध्याकाळी? वस्तू येईल की नाही हे आपल्या हाती नसते. तोवरच्या संध्याकाळी मात्र आपल्या हाती असतात.

आपल्यासाठी अभ्यास

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करून पाहूया.

पहिली: ज्याची वाट पाहत आहात, ते ज्या माणसासाठी हवे आहे त्याला आज पंधरा मिनिटे द्या, मोबाइल बाजूला ठेवून.

दुसरी: त्या येणाऱ्या गोष्टीच्या स्वागताचे एक छोटे काम रोज हाताने करा. एखादा कोपरा झाडा, एखादा कागद नीट लावून ठेवा. चौकशी दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी करा.

तिसरी: उशिराचा राग आला की थांबा आणि ज्यांच्यावर आपला राग निघणार आहे त्यांच्यासाठी आधी मनात नमस्कार करा.

रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारा: आज मी वाट पाहिली, की नुसते पायडल मारले?

परमेश्वर आपल्या सर्वांना शबरीचा धीर आणि पुंडलिकाचे भान देवो, आणि येणारा दारी येईल तेव्हा आपली वाट झाडलेली असो, हीच प्रार्थना.