भादलीवरून जाताना

जळगावहून भुसावळकडे निघालं की थोड्याच वेळात भादली येतं. चढउतार करणारे चार लोक, आजूबाजूला केळीच्या बागा. 5 मे 1918 रोजी इथं रेल्वेखाली बालकवी ठोमरे गेले, वयाच्या 27व्या वर्षी. मला मात्र या स्टेशनावर त्यांच्याबरोबर रेव्हरंड नारायण वामन टिळकही आठवतात. धर्म बदलल्यावर माणूस नेमका कुणाचा होतो, हा प्रश्न टिळकांनी जन्मभर वागवला आणि त्याचं उत्तर ते पुन्हापुन्हा खोडून लिहीत राहिले.

त्याची सुरुवातही आगगाडीतच झाली. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हाचं उत्तर सरळ होतं: सत्य पटलं की उंबरा ओलांडायचा. किंमत मोठी होती. घर तुटलं, आणि पत्नी लक्ष्मीबाईंची वर्षं आकांतात गेली.

पुढं अहमदनगरला मिशनमध्ये शिकवताना, उपदेश करताना त्यांना दुसरीच गोष्ट खुपू लागली. प्रार्थनेत शब्द मराठी, पण चाल आणि वळण विलायती. ख्रिस्ती झालेल्या माणसानं टाळ-चिपळ्या का टाकाव्यात? फादर स्टीफन्सनी 1616 सालीच गोव्यात ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापलं होतं. पण ते परक्यानं प्रेमानं शिकलेलं मराठी. टिळकांना अभंग घरचाच होता. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. भजन, कीर्तन, ओवी यांतून त्यांनी ख्रिस्त मराठीत बोलता केला.

1907 साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेल्या 17 वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाच्या कवितेनं सभा थक्क झाली, आणि ‘बालकवी’ हे नाव त्याला इथंच मिळालं. टिळकांनी त्याला पुढं नगरला आपल्या घरी नेलं. पाद्र्याच्या घरात हा ब्राह्मण मुलगा पोरासारखा राहिला, कविता लिहीत राहिला, आणि हिंदूच राहिला. माझ्या मते टिळकांच्या विचाराची खरी परीक्षा या घरात झाली. उंबऱ्याच्या अलीकडचं-पलीकडचं हा हिशेब तिथं चालेना.

दहा वर्षांनी, 1917 साली, त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. हा धर्मप्रसाराचाच गोड मार्ग नव्हता का, असं कुणी विचारेल. हिंदुस्थान ख्रिस्ताचा व्हावा ही आस त्यांनी कधी लपवली नाही. पण ज्या मिशनच्या भाकरीवर प्रसार चालायचा तीच त्यांनी सोडली, हेही ध्यानात घ्यावं लागतं.

ठोमऱ्यांमागे वर्षभरानं, 9 मे 1919 रोजी, टिळकही गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं. नवऱ्यानं धर्म सोडला म्हणून एकेकाळी जिनं जिवाचा आकांत केला, त्या लक्ष्मीबाईंनीच ते पूर्ण केलं, ओवीतच. आणि ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिताना त्यांनी आपल्या घरातल्या ठोमऱ्यालाही त्यात जागा ठेवली.