देवाची अपॉइंटमेंट



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ८, श्लोक ७ आणि ८.

सातव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात, सर्व काळी माझं स्मरण ठेव आणि युद्धही कर. इथे आपलं हमखास अडतं. स्मरण जर सर्व काळ करायचं, तर सकाळी साडेसहाचा अलार्म लावून दहा मिनिटं जप कशाला? डेंटिस्टची अपॉइंटमेंट घ्यावी तशी देवाची घ्यायची, झालं की टिक करायचं. यात भक्ती कुठे आली?

प्रश्न रास्त आहे. पण अपॉइंटमेंट हा शब्द आपण फार हलका करून टाकलाय. त्याचा एक अर्थ ठरलेली भेट, दुसरा नेमणूक. नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर हातात पडतं तेव्हा 'एक भेट ठरली' असं कोणी म्हणत नाही. आपण बांधले जातो. मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच घरात नांदतात : नेमलेली वेळ आणि नेमणूक. त्याच घरातला आजीचा शब्द म्हणजे नेम. 'माझा नेम आहे' म्हणणारी आजी ताप असला तरी अंथरुणात उठून बसते आणि हरिपाठ म्हणते. (बाण मारताना धरतात तोही नेमच! अर्जुनाला हा अर्थ नक्की आवडला असता.)

आता आठवा श्लोक बघा. 'सर्व काळ' म्हटल्यावर भगवंत लगेच अभ्यासाचं नाव घेतात. अभ्यासाने जोडलेलं, दुसरीकडे न भटकणारं चित्त. म्हणजे चोवीस तासांचं स्मरण नुसतं ठरवून होत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. शिवाय हा सगळा विषय निघालाय तो पाचव्या श्लोकातल्या अंतकाळावरून. मरणाचा काही नेम नाही, असं आपण सहज बोलून जातो. त्याची तारीख कळणार नाही, म्हणून तयारी तरी रोजच्या ठरल्या वेळी करायची.

मग नेम चुकला तर? पुंडलिकाकडे देव अपॉइंटमेंट न घेताच आले. तो आईवडिलांच्या सेवेत होता. त्याने वीट फेकली आणि थांबायला सांगितलं. देव कमरेवर हात ठेवून थांबले, ते आजतागायत. ही कथा आपण फार सोयीने वापरतो हं. पुंडलिक रील्स बघत नव्हता! आईला दवाखान्यात न्यायचं म्हणून जप राहिला, तर तो पुंडलिकाच्या खात्यात जमा, असं मला मनापासून वाटतं. झोप आवरली नाही म्हणून राहिला, तर तिथे वीट लागू होत नाही.

खरं अवघड आहे ते ऑफिसचं. साडेसहालाच परदेशातल्या टीमचा कॉल लागला, तर? 'युद्ध कर' हेही त्याच श्लोकात आहे, त्यामुळे कॉल टाळा असं मी म्हणणार नाही. क्लायंटला आपण काय सांगतो? 'साडेसहा जमत नाही, सहाला भेटू?' 'नंतर बघू' असं त्याला कधीच सांगत नाही. देवालाही सहाची वेळ सांगा. तो येईल, त्याच्या डायरीत जागा असते.

उद्या नववा श्लोक घेऊ. राम कृष्ण हरी 🙏